‘या भागात कोणतं हॉटेल हवं?’ : एका सोप्या दिसणाऱ्या संशोधन प्रश्नाची उलटतपासणी

सिनॉप्सिस लिहायचे दिवस आले की एक विषय हमखास समोर येतो. गावाचं नाव बदलतं, बाकी शीर्षक तेच: ‘अमुक शहरातील ग्राहकांच्या हॉटेलविषयक गरजांचा चिकित्सक अभ्यास’. कॉमर्सवाले घेतात, भूगोलवाले घेतात आणि आम्ही संख्याशास्त्रवालेही प्रोजेक्टसाठी घेतो. विषय ओळखीचा, फिरायचं आपल्याच गावात, माहिती मोबाईलवर गोळा होते. मीही घेतला होता. त्यामुळे आज जी टीका करणार आहे ती आधी माझ्यावरच आहे, हे सुरुवातीला सांगून टाकते.

माझं म्हणणं थोडक्यात असं. ‘गरज’ हा शब्द जोवर तुम्ही ‘कुणाची, किती वाजता आणि किती रुपयांत’ या तीन तुकड्यांत मोडत नाही, तोवर तो मोजता येत नाही. आणि न मोडता मोजल्याचा आव आणला, तर त्याची किंमत आपण नाही, दुसराच कुणीतरी भरतो. उदाहरणं सगळी बारामती आणि इंदापूरची घेते. पुणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत हा प्रश्न जितक्या बाजूंनी फसतो तितका क्वचितच दुसरीकडे फसत असेल.

माझा फॉर्म

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. एका मैत्रिणीच्या वडिलांची बारामतीत एमआयडीसीच्या बाजूला रस्त्यालगत जागा होती. काकांना तिथं हॉटेल काढायचं होतं, पण कसलं काढावं ते ठरत नव्हतं. मला प्रोजेक्ट हवा होता, त्यांना सल्ला हवा होता. जमलं.

मी ऑनलाइन फॉर्म केला. मुख्य प्रश्न असा: ‘तुमच्या परिसरात कोणत्या प्रकारचं हॉटेल असावं असं तुम्हाला वाटतं?’ पर्याय पाच: फॅमिली रेस्टॉरंट, फास्ट फूड, खानावळ किंवा मेस, चहा-नाश्ता, इतर. लिंक व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर टाकली. दोन दिवसांत शंभराच्या आसपास उत्तरं आली. फॅमिली रेस्टॉरंट बाकीच्यांना मागे टाकून कितीतरी पुढे. मी पाय चार्ट काढला, काय-वर्ग चाचणी लावली, निष्कर्ष लिहिला. तोंडी परीक्षेत मला स्वातंत्र्यांश विचारले, पी-मूल्य विचारलं. ही उत्तरं दिली कुणी, हे मात्र कुणीच विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

काकांनी कर्ज काढून एसी लावला, सोफे घातले, मुलांसाठी कोपऱ्यात घसरगुंडी ठेवली. दीड वर्षाच्या आत हॉटेल बंद झालं. भांडी आणि टेबलं विकायच्या दिवशी मी गेले होते. काका एवढंच म्हणाले, “पोरी, तुझ्या फॉर्ममधली माणसं आलीच नाहीत गं.” रागानं म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन ती शीट पुन्हा उघडली. उत्तर देणारे जवळजवळ सगळे माझ्या वयाचे, कॉलेजचे, शहरात राहणारे. त्यांचं उत्तर खोटं नव्हतं. त्यांना फॅमिली रेस्टॉरंट खरंच हवं होतं, पण वाढदिवसाला, दोन महिन्यांतून एकदा. त्या रस्त्यावरून रोज दोनदा जाणारा, पाळी संपवून घरी निघालेला एकही माणूस माझ्या शीटमध्ये नव्हता. मी ‘परिसर’ म्हटलं होतं आणि मोजले होते माझे ग्रुप.

‘वाटतं’ आणि ‘जातो’

सॅम्पल सुधारलं असतं तर भागलं असतं का? नाही. प्रश्नाच्या क्रियापदातच खोट होती. ‘असावं असं वाटतं का’ या प्रश्नाचं उत्तर मत असतं. हॉटेल चालतं ते वागण्यावर.

यावरचा जुना आणि गाजलेला अभ्यास योगायोगाने हॉटेलांचाच आहे. रिचर्ड लापियर हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ 1930 नंतरच्या दोन वर्षांत एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत हिंडले. तेव्हा तिथं चिनी लोकांविषयी उघड द्वेष होता. हे तिघं मुक्कामाची आणि जेवणाची मिळून 251 ठिकाणी गेले. नकार मिळाला फक्त एका जागी. सहा महिन्यांनी लापियर यांनी त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, ‘तुम्ही चिनी पाहुण्यांना घ्याल का?’ 128 उत्तरं आली आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ठिकाणांनी ‘नाही’ लिहिलं. हा लेख 1934 साली प्रसिद्ध झाला.

हा दाखला देताना त्यावरची टीकाही वाचून ठेवा, व्हायव्हात विचारतात. पत्राला उत्तर देणारा मालक आणि दारात पाहुण्याला बसवणारा वेटर ही दोन वेगळी माणसं असू शकतात. शिवाय दारात उभं होतं नीटनेटकं जोडपं आणि सोबत एक गोरा प्राध्यापक. पत्रात होता फक्त एक शब्द, ‘चिनी’. पण ही टीका आपल्या मुद्द्याला मदतच करते. कागदावरचा प्रश्न आणि दारातला प्रसंग ही एकच गोष्ट नव्हे.

मग काय विचारायचं? ‘काल’ विचारायचं. ‘काल दुपारी कुठं जेवलात? घरून डबा होता का? नसेल तर किती पैसे गेले? किती लांब गेलात?’ आहाराचे अभ्यास करणारे गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं हे विचारतात, ते याचसाठी. माणूस आपल्या आवडीबद्दल फुशारकी मारेल, कालच्या वडापावबद्दल सहसा मारत नाही.

शब्दातच गडबड

आता फॉर्ममधला ‘हॉटेल’ हा शब्द घ्या. आपल्याकडे चहाची टपरी हे हॉटेल, मिसळीचं दुकान हे हॉटेल, हायवेवरचा ढाबा हे हॉटेल, लॉज हे हॉटेल आणि परमिट रूम हेसुद्धा हॉटेलच. ‘या भागात हॉटेल हवं का?’ याला एका बाईनं ‘नको’ म्हटलं, तर ती परमिट रूमला नको म्हणतेय. शेजारच्या पोरानं ‘हवं’ म्हटलं, तर तो मोमोजच्या गाडीला हो म्हणतोय. तुमच्या एक्सेलमध्ये मात्र दोघं एकाच स्तंभात, एक ‘हो’ आणि एक ‘नाही’.

फरक नुसत्या नावांचा नाही, धंद्याच्या बांधणीचा आहे. खानावळ किंवा मेस महिन्याच्या पैशावर चालते. माणसं ठरलेली, स्वयंपाक ठरलेला, त्यामुळे उरलेलं अन्न कमी. चहा-नाश्त्याचं हॉटेल जागा किती वेळा रिकामी होते आणि भरते यावर चालतं. फॅमिली रेस्टॉरंट शनिवार-रविवारवर चालतं आणि आठवड्याचे पाच दिवस भाडं, लाईट, पगार अंगावर घेतं. या तिन्हींना एका प्रश्नात पर्याय म्हणून ठेवणं म्हणजे बैल, ट्रॅक्टर आणि स्कूटर यांतलं तुम्हाला काय आवडतं असं विचारण्यासारखं आहे. कशासाठी, ते आधी सांगा ना.

याच प्रश्नाची आणखी एक बाजू. पुष्कळ प्रोजेक्टांत सर्व्हे हॉटेलच्या आत, टेबलावर बसलेल्यांचा केलेला असतो. मी काकांच्या जागेच्या आसपासच्या हॉटेलांत माहिती घ्यायला गेले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाइकांत बाई म्हणून मी एकटीच होते. तिथं बसून फॉर्म भरून घेतले तर ‘ग्राहकांना सध्याची हॉटेलं सोयीची वाटतात’ असंच येणार. ज्यांना सोयीची वाटत नाहीत त्या उंबऱ्याच्या आत आलेल्याच नाहीत. ज्यांच्यापर्यंत सोय पोचत नाही त्यांनाच वगळून गरज मोजायची, हा दोष सॅम्पलचा आकार वाढवून जात नाही. हजार फॉर्म घेतले तरी ती हजार माणसं आतलीच.

सूत्र लावून सुटेल का?

फॉर्मला कंटाळलेला हुशार विद्यार्थी सूत्राकडे वळतो. भूगोल आणि मार्केटिंगच्या पुस्तकांत विल्यम रायली यांचा किरकोळ व्यापाराच्या गुरुत्वाकर्षणाचा नियम असतो, 1931 सालचा. मोठं शहर जास्त ओढतं, लांबचं शहर कमी ओढतं. दोन शहरांमधल्या रस्त्यावर कुठल्या बिंदूपर्यंतची गिऱ्हाइकं कुणाकडे जातील, हे काढायचं सूत्र पुढे पॉल कन्व्हर्स यांनी 1949 मध्ये मांडलं. लावून बघू.

बारामती ते इंदापूर रस्त्यानं ढोबळमानानं 50 किलोमीटर धरू. 2011 च्या जनगणनेत बारामती शहर सुमारे 54 हजार, इंदापूर सुमारे 25 हजार. 54 भागिले 25 म्हणजे 2.16, त्याचं वर्गमूळ साधारण 1.47. त्यात 1 मिळवून 50 ला भागलं की उत्तर येतं इंदापूरपासून सुमारे 20 किलोमीटर. म्हणजे अंथुर्णे आणि निमगाव केतकीच्या दरम्यान कुठंतरी अदृश्य रेघ: अलीकडचे जेवायला बारामतीला, पलीकडचे इंदापूरला.

दिसायला सुंदर. आता दोन धक्के द्या.

पहिला धक्का. जनगणनेनंतर बारामती नगरपरिषदेची हद्द वाढली आणि रुई, जळोची, तांदूळवाडी हा भाग आत आला. समजा, त्यामुळे लोकसंख्या 1 लाख धरली. आता भागाकार 4, वर्गमूळ 2 आणि बिंदू इंदापूरपासून सुमारे 17 किलोमीटरवर. रेघ तीन-साडेतीन किलोमीटर सरकली. प्रत्यक्षात काय घडलं? एकाही माणसानं जेवायची जागा बदलली नाही, सरकली ती नगरपरिषदेची हद्द. आकडा वापरताना तो कुठल्या वर्षाचा हे आपण लिहितो, कुठल्या हद्दीचा हे लिहीत नाही. ते लिहा.

दुसरा धक्का मोठा आहे. रायली यांचा विचार मुख्यतः निवडून, तुलना करून घ्यायच्या वस्तूंचा होता, कपडालत्त्यासारख्या. लग्नाचा बस्ता बांधायला लोक 20 किलोमीटर जातात. चहा-वड्याला जात नाहीत. म्हणजे हे सूत्र लावलंच तर ‘प्रसंगाच्या’ जेवणाला लावता येईल, रोजच्या नाही. आणि प्रसंगाच्या जेवणालाही ते कसं फसतं, हे बघायला इंदापूर तालुक्यातच एक गाव आहे.

भिगवणचा अपवाद

भीमा नदीवरचं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण पाण्याचा फुगवटा इंदापूर तालुक्यात दूरवर पसरला. गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं आणि एका कोरडवाहू पट्ट्यात मासेमारी आली. भिगवणला गोड्या पाण्यातल्या माशांचा बाजार उभा राहिला: चिलापी, मरळ, कटला, रोहू, वाम. पुणे-सोलापूर हायवे तिथूनच जातो, त्यामुळे मच्छी थाळीची हॉटेलं आली. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ते बघायला लोक येतात आणि कुंभारगावच्या बाजूला होडी चालवणाऱ्यांच्या घरीही जेवण मिळतं.

आता सूत्र बघा. पुणे शहर 2011 मध्ये 31 लाखांचं. भिगवण समजा 10 हजारांचं धरलं आणि अंतर 100 किलोमीटर धरलं, तर रायली-कन्व्हर्सप्रमाणे भिगवणची ओढ गावाबाहेर जेमतेम साडेपाच किलोमीटरवर संपते. प्रत्यक्षात पुण्याहून माणसं मासे खायला भिगवणला येतात. छोट्यानं मोठ्याला ओढलंय. कारण सूत्रात आकार आहे, अंतर आहे, पण ‘इथं काय आहे जे तिथं नाही’ ही राशीच नाही. 1960 च्या दशकात डेव्हिड हफ यांनी एकच ठाम रेघ आखण्याऐवजी गिऱ्हाईक कुठं जाईल याची संभाव्यता मांडली. ती सुधारणा खरीच, पण त्यांच्याही मूळ मॉडेलात आकर्षण म्हणजे मुख्यतः दुकानाचं क्षेत्रफळ. मरळ चौरस फुटांत मावत नाही.

आणखी एक कल्पना करा. धरणाआधी याच गावात ‘कोणतं हॉटेल हवं?’ हा फॉर्म वाटला असता, तर मच्छीचं हॉटेल कुणी लिहिलं असतं? जे अजून ताटात आलेलं नाही ते माणूस मागू शकत नाही. म्हणजे ‘गरज’ आधीपासून लपून बसलेली असते आणि आपण ती शोधून काढतो, हे गृहीतकही नेहमी खरं नाही. कधी माल येतो, मग हॉटेल येतं, मग सवय लागते.

हायवेवर एकाशेजारी एक मच्छीची हॉटेलं बघून ‘बाजार भरलेला आहे, नव्या हॉटेलची गरज नाही’ असं लिहिणारेही भेटतात. हेरॉल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये दाखवलं होतं की स्पर्धक दुकानं एकमेकांपासून लांब जाण्याऐवजी एकमेकांना चिकटून बसतात, त्यामागे साधा हिशोब असतो. ही गर्दीच गावाची जाहिरात होते. शेजारी शेजारी दुकानं असणं हा ‘गरज संपली’ याचा पुरावा नव्हे.

घड्याळ आणि कॅलेंडर

माझ्या फॉर्ममध्ये नसलेली सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे वेळ. बारामती एमआयडीसीत पियाजिओ, फेरेरोसारखे मोठे कारखाने आहेत. ‘एवढे कामगार म्हणजे एवढी गिऱ्हाइकं’ हा सरळ गुणाकार मीही केला होता. पण 1948 च्या कारखाना कायद्यातच 250 हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना कॅन्टीन ठेवायला लावण्याची तरतूद आली. जो कॅन्टीनमध्ये जेवतो तो दुपारच्या जेवणाला तुमचं गिऱ्हाईक नाही. कदाचित रात्रपाळी सुटल्यावर सकाळच्या पोह्यांना आहे. ज्या छोट्या वर्कशॉपांत कॅन्टीन नाही, तिथला माणूस दुपारी आहे. एकाच रस्त्यावर दोन वेगळे बाजार, आणि दोन्ही काकांच्या एसी हॉलमध्ये येणारे नव्हते.

मग कॅलेंडर. श्रावणात सर्व्हे केला तर अख्खं गाव शाकाहारी निघेल. आषाढीच्या आधी तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. त्या दिवसांत रस्त्याला माणसं मोजली तर वाटेल इथं हजार हॉटेलं कमी पडतील. आणि त्या दिवसांत तर गावोगाव अन्नदान चालू असतं, म्हणजे भूक मोठी आणि हॉटेलचा गल्ला वेगळाच. आठवडी बाजाराच्या दिवशी मोजणं आणि बाकीच्या दिवशी मोजणं यांतही फरक पडतो. ‘माहिती संकलनाचा कालावधी’ हे प्रबंधातलं कलम म्हणूनच आहे. आपण तिथं दोन तारखा टाकतो आणि पुढे जातो. त्या तारखांना गावात काय चाललं होतं ते एका ओळीत लिहा. परीक्षकाला लगेच कळतं की हा विद्यार्थी तिथं उभा राहिला होता.

जिथं गरज आहे आणि मागणी नाही

आता या लेखातला मला सर्वांत टोचणारा भाग.

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती: या पट्ट्यात साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या सुमाराला हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून, नगरकडून ऊसतोड कामगार येतात. कारखान्याच्या आसपास कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेस्तोवर टनावर हिशोब. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, डबा बांधते आणि फडात जाते. संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल.

शिजवलेल्या अन्नाची गरज या पट्ट्यात कुणाला सर्वांत जास्त आहे, असं मला कुणी विचारलं तर मी या बाईकडे बोट दाखवीन. आणि कोणत्याही हॉटेलविषयक सर्व्हेत ती येत नाही. तिच्याकडे रोज हॉटेलात द्यायला पैसे नाहीत, ती मतदार यादीत इथली नाही, ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही. आपल्या भाषेत तिची ‘मागणी’ शून्य. आपण शीर्षकात ‘गरज’ लिहितो, मोजतो ‘मागणी’, आणि निष्कर्षात पुन्हा ‘गरज’ लिहितो. या अदलाबदलीत ती बाई गायब होते. अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये दुष्काळांवरच्या पुस्तकात हेच लावून धरलं होतं: अन्न असणं आणि ते मिळवण्याची ऐपत असणं या वेगळ्या गोष्टी.

सरकारनं हा फरक ओळखून काही प्रयोग केले. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात, 10 रुपयांत. एका थाळीचा दर शहरात 50 आणि ग्रामीण भागात 35 रुपये धरला, वरची रक्कम सरकारची. केंद्रं रुग्णालय, एसटी स्टँड, बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या अशा जागी द्यायची आणि वेळ दुपारची. योजनेवर राजकीय वाद कितीही घाला, पण संशोधकाच्या नजरेनं बघा: कुणासाठी, कुठं, किती वाजता, किती रुपयांत, ही चारही उत्तरं आधी दिलेली आहेत. आमच्या निम्म्या सिनॉप्सिसमध्ये ती नसतात.

पण इथंही एक सापळा आहे. प्रत्येक केंद्राला रोजच्या थाळ्यांची संख्या ठरवून दिलेली होती. समजा एखाद्या केंद्राला शंभर थाळ्या मंजूर आहेत आणि रोज शंभर संपतात, तर गरज शंभराची आहे असं लिहाल का? एकशे एकावा माणूस परत गेला, त्याची नोंद कुठंच नाही. संख्याशास्त्रात याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात, वरून कापलेला. विक्रीचा आकडा इथं मर्यादेचा आकडा आहे. गरज मोजायची असेल तर थाळ्या संपल्यानंतर रांगेत किती माणसं उरली ते मोजावं लागेल. आणि दुपारच्या वेळेचं केंद्र पहाटे फडात गेलेल्या बाईच्या उपयोगाचं नाही, हे तर मोजायचीही गरज नाही.

मग प्रश्न लिहायचा कसा?

विषय टाकून द्या असं मी म्हणत नाही. विषय चांगला आहे, प्रश्न ढिला आहे. तो असा आवळता येतो.

1. शीर्षकातला ‘परिसर’ नकाशावर काढा. एमआयडीसीच्या गेटपासून एक किलोमीटर, किंवा इंदापूर एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटं. हद्द तुमची तुम्ही ठरवा आणि लिहा.

2. ‘ग्राहक’ खोडा. त्या जागी माणूस लिहा: रात्रपाळी सुटलेला कामगार, खोली घेऊन राहणारी विद्यार्थिनी, रुग्णाबरोबर आलेला नातेवाईक, ऊस खाली व्हायची वाट बघणारा ट्रॅक्टरचालक. एका वेळी दोनच गट घ्या, पण पूर्ण घ्या.

3. ‘आवडतं’ खोडा, ‘काल’ लिहा.

4. एकाच जागी वेगवेगळ्या वेळांना उभं राहून माणसं मोजा. पहाटे, दुपारी, रात्री. हंगामात आणि हंगामाबाहेर. वही आणि पेन पुरतं.

5. चालू हॉटेलांबरोबर बंद पडलेली शोधा. आपण यशस्वी हॉटेलमालकांच्या मुलाखती घेऊन ‘चव आणि स्वच्छता महत्त्वाची’ असं लिहितो. बंद पडलेल्याकडेही चव आणि स्वच्छता होती का, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. काकांच्या हॉटेलात दोन्ही होतं, मी खाल्लंय.

6. निष्कर्षात ‘गरज’ आणि ‘मागणी’ हे शब्द अदलून-बदलून वापरू नका. जे मोजलं त्याचंच नाव लिहा.

हे केल्यावर प्रश्न असा काहीसा होतो: ‘बारामती एमआयडीसीच्या अमुक गेटपासून एक किलोमीटरच्या आत, पहाटे पाच ते आठ या वेळात, रात्रपाळी संपवून निघणाऱ्यांना शिजवलेलं अन्न किती ठिकाणी आणि काय दरानं मिळतं, आणि ते आदल्या दिवशी कुठं खाऊन घरी गेले?’ शीर्षक लांबलचक झालं, गाईड कदाचित नाक मुरडतील. पण याचं उत्तर एका पावसाळ्यात आणि एका हिवाळ्यात मिळू शकतं, आणि ते चुकलं तर कुठं चुकलं हे दाखवता येतं.

फॉर्म अगदी निरुपयोगी आहे असंही नाही. लोक कोणते शब्द वापरतात, कशाला ‘हॉटेल’ म्हणतात, कशाची तक्रार करतात, हे कळायला पहिल्या आठवड्यात तो कामाला येतो. फक्त तिथं थांबायचं नाही. मी थांबले होते.

काकांची ती जागा आता भाड्यानं दिलेली आहे. परवा सकाळी सातला तिथून गेले, तर शेजारी एक पोह्यांची गाडी उभी होती आणि पाळी सुटलेली पंधरा-वीस माणसं हातात प्लेट घेऊन उभी होती. गाडीवाल्याला विचारलं, जागा कशी निवडली? म्हणाला, “आधी मीपण याच पाळीला होतो, ताई. सुटल्यावर भूक लागायची.”